दिव्याचं टेबल घेण्याआधी खुर्चीत बसून बघा

आमच्या हॉलमधल्या दिव्याच्या टेबलाचे चारही पाय 6-6 इंच कापलेले आहेत. दुकानात ते फार देखणं दिसलं होतं. सागवानी, निमुळत्या पायांचं, 30 इंच उंच. घरी आणलं, त्यावर दिवा ठेवला, सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेली कादंबरी घेऊन खुर्चीत बसले, तर शेडच्या खालून बल्ब थेट डोळ्यांत. समोर दिवाणावर बसलेले आमचे हे म्हणाले, "चौकीत चौकशीला बसवल्यासारखं वाटतंय." दुकानदार परत घेईना. पण चूक माझीच, मी मोजलंच नव्हतं.

मोजायचं ते असं. ज्या खुर्चीत तुम्ही वाचता तिच्यात रोजच्यासारखं, म्हणजे जरा पोक काढूनच, बसा. दुसऱ्या कुणाला तरी फरशीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंत टेप धरायला सांगा. माझे 41 इंच भरले. शेडची खालची कड साधारण याच उंचीवर यायला हवी. वर गेली तर बल्ब डोळ्यांत, फार खाली आली तर उजेड टेबलावरच सांडतो आणि पुस्तक अंधारात. माझ्या दिव्याची बुडापासून शेडच्या कडेपर्यंतची उंची 17 इंच. 41 मधून 17 गेले, उरले 24. माझ्या खुर्चीचा हातही 24 इंचांवरच आहे, त्यामुळे चहाचा कप ठेवायला वाकावंही लागत नाही. बहुतेक सोफ्यांचे हात 22 ते 26 इंचांत असतात. म्हणून हाताइतक्या उंचीचं टेबल शोधायचं आणि उरलेला हिशोब दिव्याच्या उंचीत बसवायचा.

पाय कापणं वाटतं तितकं सोपं नाही. मिस्त्रींनी टेबल सतरंजीवर उलटं ठेवलं, प्रत्येक पायावर गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून पेन्सिलीची रेघ चारही बाजूंनी फिरवली आणि मगच करवत चालवली. तरी सरळ केल्यावर ते डुगडुगलं. एक पाय सूतभर लांब राहिला होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण भरलेला कप सांडायला तेवढा पुरतो. तो पाय कानशीने घासून घासून बसवला, खाली रबरी बूच ठोकले. बूच तुम्हीही लावाच, टेबल कापा किंवा न कापा. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते आणि ते पाणी पायांच्या टोकांतून वर चढतं. सागवान बरीच वर्षं दाद देत नाही. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचे, पाय मात्र दोन-तीन पावसाळ्यांत फुगून फुटायला लागतात. प्लायवूड घेत असाल तर खालच्या कडांना पट्टी लावलेली आहे ना, ते टेबल उलटं करूनच बघा. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता जागा. तिवंध्यावरच्या आमच्या जुन्या वाड्यात हा प्रश्न नव्हता. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात चिमणी, वर काजळीचा काळा पट्टा. अभ्यासाला आम्हीच तिथे जाऊन बसायचो. इथे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीमागे चार पॉइंट आणि वाचायच्या कोपऱ्यात एकही नाही. दिव्याची वायर बहुधा दीड मीटरची, म्हणजे जेमतेम 5 फूट. त्यातले 2 फूट टेबलावरून फरशीपर्यंत उतरण्यातच जातात. बोर्ड भिंतीवर 4 फुटांवर असेल तर गणित बसतच नाही. सतरंजीखालून एक्स्टेन्शन नेऊ नका. पायाखाली वायर चेपली गेलेली कळतही नाही. वायरमनला बोलावून टेबलामागे, फरशीपासून फूटभर उंचीवर तीन पिनांचा पॉइंट करून घ्या. पितळी बुडाच्या दिव्याला तर अर्थिंग हवंच. भांडी बाजारातून घेतलेल्या कळशीचा दिवा करून घेणार असाल, तर करणाऱ्याला तीन तारांची वायर आवर्जून सांगा.

टेबल आणण्याआधी रद्दीतला एखादा 'देशदूत' 18 बाय 18 इंच कापून त्या जागी चिकटपट्टीने फरशीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी त्यावर तिघांचे पाय पडले, कारण तो गॅलरीच्या वाटेत होता. घरात झोपाळा असेल तर पूर्ण झोका घेऊन बघा, नाहीतर शेडचं काही खरं नाही. लिहायचं असेल तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडे हवा, म्हणजे हाताची सावली कागदावर येत नाही. नुसतं वाचायला कुठल्याही बाजूने चालतो.

टेबलाचा माथा 16 ते 18 इंच पुरे. त्यात दिवा, चष्मा, कप आणि पालथं घातलेलं पुस्तक मावतं. शेड टेबलाच्या कडेबाहेर जाऊ देऊ नका, येता-जाता खांदा लागतो. वर काच नको, तीत बल्बचं प्रतिबिंब चमकत राहतं.

पलंगाजवळचा हिशोब वेगळा. तिथे टेबल गादीच्या वरच्या पातळीला हवं. हल्लीच्या गाद्या 8-8 इंच जाड, त्यामुळे जुनं स्टूल फार खाली जातं आणि रात्री पाण्याचा पेला चाचपडावा लागतो. बटण आडवं पडल्या पडल्या हाताला लागतं का, हेही झोपूनच बघा. मच्छरदाणी लावत असाल तर ती लावून झोपा आणि मग बघा. आणि डासांच्या मशीनसाठी शेजारी दुसरा पॉइंट ठेवा, नाहीतर रोज रात्री दिवा की मशीन, हा वाद.

बल्बचं थोडक्यात: वाचायला 9 वॅटचा एलईडी, नुसत्या मंद उजेडाला 5 वॅट. रंग पिवळसर, खोक्यावर 2700 किंवा 3000 के (केल्विन) लिहिलेला. दिव्याचा होल्डर आट्यांचा आहे की पिनांचा, ते बघून मगच बल्ब आणा. मी पिनांचा आणला होता, होल्डर आट्यांचा निघाला. पुन्हा कॉलेज रोडला हेलपाटा.

कापलेले चार तुकडे मिस्त्री घेऊन जात होते, मी ठेवून घेतले. निमुळते असल्यामुळे दाराखाली पाचरीसारखे घट्ट बसतात. दोन गॅलरीच्या दाराला आहेत, एक बेडरूमच्या. चौथा यांनी कुठेतरी नीट ठेवलाय, तेव्हापासून सापडत नाही.