माळ्यावर सापडलेली जुनी वाइन कशी चाखायची

गणपतीच्या आधी बंद घर उघडून माळा झाडला की कोकणात कुठल्यातरी पेटाऱ्यातून दोन-तीन बाटल्या निघतात, कुणी चुलते बोटीवर असायचे त्यांनी आणलेल्या, नाहीतर गोव्याहून आलेल्या. लगेच सगळे म्हणतात, जुनी म्हणजे भारी! तसं नसतं हो. बहुतेक वाइन थोड्या वर्षांत प्यायलाच बनवलेली असते, ती ठेवायला १२-१३ अंश लागतात आणि आपल्या कौलांखाली मे महिन्यात भट्टी असते. साध्या लाल-पांढऱ्या वाइनची फार आशा धरू नका. खरी पोर्तुगीज पोर्ट किंवा मदेरा असेल तर मात्र जपा. पोर्टमध्ये द्राक्षापासून गाळलेली कडक दारू घालून अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास नेतात, मदेरा तर मुद्दाम उष्णतेत मुरवतात, म्हणून त्या तग धरतात.

लेबल आणि सील दोन्ही नसेल तर चाखायचीच नाही. आपल्याकडे जुन्या बाटल्यांत फिनेल, रॉकेल काहीही भरून ठेवतात.

बाटली दोन दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसतो.

आता बूच. सगळं इथे बिघडतं. वर्षानुवर्षं उभ्या ठेवलेल्या बाटलीचं बूच वाळून भुसभुशीत होतं, त्यात नेहमीचा स्क्रू घातला की मधला भुगा तेवढा वर येतो. माझी पहिली पोर्ट मी अशीच घालवली, बाटली गुडघ्यात धरून जोर लावला, अर्धं बूच आत पडलं आणि हिसक्याने सगळा गाळ ढवळला गेला, ग्लासात नुसता चिखल. तेव्हापासून माझं ठाम मत, दोन पात्यांचा ओपनरच घ्या, त्याला स्क्रू नसतो, एक लांब आणि एक आखूड पातं बूच दोन्ही बाजूंनी धरतं. बाटली टेबलावर, तोंड ओल्या फडक्याने पुसलेलं. लांब पातं आधी, बूच आणि काच यांच्या मधे, मग आखूड, डावं-उजवं डोलवत खाली न्या आणि पिळत पिळत वर ओढा. बूच आत सरकायला लागलं तर तिथेच थांबा, लांब स्क्रू हलक्या हाताने पार तळापर्यंत घालून काढा. तरी तुटलंच तर मलमलचं फडकं नुसत्या गरम पाण्यातून काढून त्यातून गाळा, साबणाचा वास असलेलं नको.

ओतताना मानेमागे टॉर्च धरा, एका दमात जगमध्ये ओता, गाळ मानेपाशी आला की बास.

तासभर जगमध्ये ठेवून श्वास घेऊ द्या असं सांगतात ना, ते नव्या वाइनसाठी. खूप जुन्या वाइनची चव पंधरा-वीस मिनिटांतसुद्धा उतरते, लगेच अर्धा घोट घ्या. विनेगर किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ओतून द्या, रंग तपकिरी झालाय एवढ्यावरून टाकू नका. मनुका, अक्रोड असा वास आला तर घरच्यांना बोलवा.

आणि बूच फेकू नका. माझ्या एका बाटलीचं लेबल कसरीने खाल्लं होतं, साल कळलं ते बुचाच्या कडेवर छापलेलं होतं म्हणून.