परदेशी नौदलाकडे संशोधनासाठी निधी मागताय? या चुका टाळा

"अमेरिकेचं नौदल आपल्याकडच्या प्राध्यापकाला संशोधनासाठी पैसे कशाला देईल?" दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्पांचं काम पाहते. प्रस्ताव पाठवणं, परवानग्या, हिशेब, अहवाल हे सगळं माझ्याकडे. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली आहे. ज्यांना या 'कशाला'चं उत्तर सापडलेलं असतं, त्यांचेच प्रस्ताव पुढे सरकतात. बाकीच्यांची सहा-सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. ते बघवत नाही, कारण त्यातली बरीच कामं खरोखर चांगली असतात.

हा निधी ज्या कार्यालयाकडून येतो त्याचं नाव ऑफिस ऑफ नेव्हल रिसर्च, थोडक्यात ओएनआर. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्यानं ते स्थापन झालं. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन १९५० साली आली. तोवर तिथल्या विद्यापीठांतल्या मूलभूत संशोधनाला सरकारचा मोठा आधार होता तो याच कार्यालयाचा. लंडनमध्ये त्याची कचेरी १९४६ पासूनच आहे. परदेशांतलं काम आता 'ओएनआर ग्लोबल' ही शाखा बघते. तिची माणसं लंडन, प्राग, टोकियो, सिंगापूर, सँटियागो, साओ पाउलो अशा शहरांत बसतात आणि आपापल्या भागात कोण काय नवीन करतंय याचा शोध घेत फिरतात.

माणसाशी बोलण्याआधी प्रस्ताव लिहून मोकळं होणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपल्याला सवय आहे ती जाहिरात निघाली, शेवटची तारीख बघितली, अर्ज भरला, निकालाची वाट बघितली, अशा पद्धतीची. इथे जाहीर घोषणापत्र असतं खरं आणि ते वर्षभर खुलं असतं, पण निर्णय मुख्यतः प्रोग्राम ऑफिसरच्या हातात असतो. हा स्वतः त्या विषयातला जाणकार असतो आणि त्याच्या विषयासाठी ठरावीक रक्कम असते. तुमचा विषय त्याच्या यादीत बसत नसेल, तर चाळीस पानांचा प्रस्तावही कामाचा नाही. बसत असेल, तर तो स्वतःच तुम्हाला आधी दोन-चार पानांचा व्हाइट पेपर, म्हणजे कल्पनेचा थोडक्यात आराखडा, पाठवायला सांगतो.

हे खातं किती माणसांच्या ओळखीवर चालतं याचं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे. १९५० च्या दशकात रॉबर्ट डिट्झ नावाचा सागरी भूशास्त्रज्ञ ओएनआरच्या लंडन कचेरीत होता. तिथे त्याची गाठ पडली जाक पिकार या स्विस माणसाशी. पिकारच्या वडिलांच्या कल्पनेतून साकारलेलं आणि इटलीत बांधलेलं 'त्रिएस्ते' हे खोल समुद्रात उतरणारं यान या बापलेकांकडे होतं, पण ते चालवायला पैसे नव्हते. ओएनआरनं ते लगेच विकत घेतलं नाही. १९५७ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात त्याच्या काही बुड्यांचा खर्च उचलला, शास्त्रज्ञांना आत बसवून पाहिलं, आणि मग १९५८ मध्ये यान विकत घेतलं. २३ जानेवारी १९६० ला पिकार आणि अमेरिकी नौदलाचा लेफ्टनंट डॉन वॉल्श त्याच यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल उतरले. आधी ओळख, मग छोटी चाचणी, मग मोठा पैसा. सत्तर वर्षं होत आली तरी क्रम तोच आहे.

म्हणून पहिला ईमेल पाच-सात ओळींचाच पाठवा. काम काय, त्यात नवीन काय, नौदलाच्या कुठल्या प्रश्नाशी ते जोडलेलं आहे, आणि अर्धा तास बोलता येईल का, एवढंच. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी आठवण करा. 'आमचा विषय नाही' असं उत्तर आलं, तर कुणाचा आहे ते विचारा. बहुतेकदा नाव सांगतात.

चुकीच्या दारावर थाप

ओएनआर ग्लोबलकडे मुख्यतः तीन प्रकारची मदत मिळते आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक प्रवासासाठी: परदेशी शास्त्रज्ञानं अमेरिकेत जाऊन आपली कल्पना तिथल्या नौदलाच्या संशोधकांपुढे मांडायची. दुसरी कार्यशाळा आणि परिषदांसाठी. तिसरी प्रत्यक्ष संशोधनासाठी. तिचं लांबलचक नाव आखडून 'नायकॉप' म्हणतात. कार्यशाळेच्या पैशांतून प्रयोगशाळेतल्या सहायकाचा पगार निघत नाही. पहिल्याच भेटीत नायकॉप मागणाऱ्यांना मी सांगते, आधी प्रवासाची मदत मागा, तिकडे जाऊन या, माणसं ओळखीची होऊ द्या.

आणि काम आपल्याच नौदलाच्या उपयोगाचं असेल तर आधी घरचं दार बघा. डीआरडीओचं नेव्हल रिसर्च बोर्ड १९९६ पासून विद्यापीठांतल्या संशोधनाला निधी देत आलं आहे.

फक्त आपलाच प्रश्न सांगत राहणं

एका प्राध्यापकांच्या मसुद्याची पहिली दोन पानं मान्सून आणि शेतकरी यांच्यावर होती. मन लावून लिहिलेली, आणि खरीच. पण वाचणारा नौदलाचा होता. त्याला त्यात आपला प्रश्न कुठे दिसेना.

बंगालच्या उपसागराचं उदाहरण इथे नीट बघण्यासारखं आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी आणि पावसाचं पाणी मिळून या समुद्रावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर पसरतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं, खालच्या खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही. वारा सुटला तरी खालचं पाणी वर येणं अवघड होतं. त्यामुळे वरच्या काही मीटरांत उष्णता कशी साठते आणि हवेला कशी परत मिळते, यावर मान्सूनचा जोर आणि त्याची उघडीप अवलंबून असते. आता याच थराकडे नौदलाच्या नजरेनं बघा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण तापमान आणि खारेपणा बदलला की वेग बदलतो आणि आवाजाची वाट वाकते. आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारी सोनार यंत्रणा वापरणाऱ्याला हा थर माहीत नसून कसं चालेल? जहाजांना हवामानाचा अंदाज हवा असतो, तो वेगळाच.

एकच थर, एकच मोजमाप, दोघांचीही गरज. म्हणूनच २०१३ पासून ओएनआरच्या 'असिरी' या उपक्रमातले अमेरिकी शास्त्रज्ञ आणि आपल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या निधीवर काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ याच उपसागरात जोडीनं मोजमापं घेत होते. त्यांचं जहाज 'रॉजर रिव्हेल', आपलं 'सागर निधी'. प्रत्येकानं आपापला खर्च उचलला आणि शोधनिबंध एकत्र लिहिले. त्यानंतर हेच सहकार्य अरबी समुद्रावरही आलं. आपल्या कोकणावर कोसळणारा पाऊस ज्या समुद्रावरून येतो, तोच हा समुद्र.

तेव्हा शेतकऱ्याचं पान फाडू नका. त्याच्या आधी एक परिच्छेद असा लिहा की वाचणाऱ्याला आपली गरज ओळखता येईल. आणि तो खरा असू द्या. ओढूनताणून 'पाणबुड्यांसाठी उपयुक्त' असं लिहिलेलं जाणकाराला एका नजरेत कळतं.

नोंदणी शेवटच्या आठवड्यावर ठेवणं

अमेरिकी सरकारकडून अनुदान घ्यायचं तर संस्थेची 'सॅम' या त्यांच्या पोर्टलवर नोंदणी लागते. तिथे संस्थेला १२ अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक मिळतो. पूर्वी यासाठी डन्स क्रमांक चालायचा, एप्रिल २०२२ पासून तो बंद झाला. कुणी जुनी फाइल उघडून डन्स शोधत बसलं असेल तर त्यांना थांबवा. परदेशी संस्थेला याच्या जोडीनं बहुधा 'एनकेज' नावाचा कोडही काढावा लागतो, आणि दोन्हीकडे नाव-पत्ता तंतोतंत जुळावा लागतो.

तंतोतंत म्हणजे काय, ते मी एकदा चांगलंच शिकले. एका अर्जात आमच्या पत्त्यातला 'रोड' पूर्ण लिहिला होता, दुसऱ्यात त्याचं दोन अक्षरी संक्षिप्त रूप होतं. शिवाय एकीकडे संस्थेच्या नावाआधी 'द' होतं, दुसरीकडे नव्हतं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून बोटानं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं तेव्हा ते सापडलं. तोवर तीन आठवडे गेले होते. तेव्हापासून संस्थेचं नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर मी एका कागदावर छापून ठेवला आहे, नोंदणी प्रमाणपत्रावर आहे अगदी तसाच. कुठलाही अर्ज भरताना त्यावरूनच उतरवायचं, मनानं टाइप करायचं नाही.

ही नोंदणी फुकट असते. 'तुमची नोंदणी संपत आली, इतके डॉलर भरा' असे ईमेल खासगी कंपन्यांकडून येतात, त्यांना पैसे देऊ नका. मात्र नूतनीकरण दरवर्षी करावंच लागतं. प्रकल्प चालू असताना नोंदणी संपली तर पुढचा हप्ता अडकू शकतो.

एफसीआरएचा विचार मंजुरी आल्यावर करणं

इथे मी सगळ्यात जास्त हळहळले आहे, कारण इथे अडकलेला प्रकल्प मंजूर झालेला असतो.

परदेशी सरकार आणि त्याची खाती हे परकीय योगदान नियमन कायदा, २०१० (एफसीआरए) नुसार 'परकीय स्रोत' आहेत. म्हणजे तिथून आलेलं अनुदान घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी किंवा त्या प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी हवी. केंद्र किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या आणि ज्यांचं लेखापरीक्षण कॅगकडून बंधनकारक आहे अशा संस्थांना यातून सूट आहे. आयआयटीसारख्या संस्थांना म्हणूनच ही अडचण येत नाही. पण एखाद्या शिक्षण संस्थेच्या न्यासानं चालवलेलं महाविद्यालय असेल तर ही सूट आपोआप मिळत नाही. 'आमचं महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न आहे' हे उत्तर इथे चालत नाही.

२०२० च्या दुरुस्तीनं तीन गोष्टी बदलल्या आणि अजूनही पुष्कळांना त्या ठाऊक नाहीत. परदेशी पैसा आता फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच पहिल्यांदा जमा करता येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि तिसरी, जिनं एक छान प्रकल्प माझ्या डोळ्यांदेखत मोडला: आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, दोघींची नोंदणी असली तरी. त्या प्रकल्पात मोजमापं एका महाविद्यालयाची होती आणि गणिती प्रारूप दुसऱ्याचं. पैसे पहिल्याकडे येणार आणि अर्धे दुसऱ्याला जाणार, असं अंदाजपत्रकात लिहून झालं होतं. दोन संस्था असतील तर पहिल्या दिवसापासून दोन स्वतंत्र अनुदानं मागा, नाहीतर एकाच संस्थेत काम बसवा. वकील किंवा सनदी लेखापालाला व्हाइट पेपरच्या टप्प्यावरच गाठा. आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ हे वार्षिक विवरण भरावं लागतं, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहा.

ओव्हरहेडचा हिशेब सरसकट लावणं

ज्या संस्थेचा दर अमेरिकी सरकारशी बोलणी करून ठरलेला नाही, तिच्यासाठी अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे जागा, वीज, कार्यालय अशा ओव्हरहेडचा, एक ठोक दर त्यांच्या नियमांत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो १० वरून १५ टक्के झाला. पण तो पूर्ण रकमेवर लागत नाही, मोठी उपकरणं त्यातून वगळायची असतात. समजा थेट खर्च ६०,००० डॉलर आणि त्यात २०,००० डॉलरचं एक उपकरण. तर १५ टक्के ४०,००० वर, म्हणजे ६,००० डॉलर. वित्त विभाग सवयीनं ९,००० लिहितो आणि अंदाजपत्रक परत येतं. चालू घोषणापत्रातला नियम त्यांच्या हातात छापून द्या, वाद होत नाहीत.

'नौदलाचं काम' म्हणजे गुप्त, असं धरून चालणं

उलट आहे. मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले असावेत, हे अमेरिकी सरकारचं १९८५ पासूनचं लेखी धोरण आहे. तुमचा विद्यार्थी प्रबंध लिहू शकतो, निबंध छापू शकतो. फक्त निबंधात ओएनआरचं नाव आणि अनुदान क्रमांक द्यावा लागतो. करारात प्रकाशनापूर्वी मंजुरी घेण्याची अट दिसली तर सही करण्याआधी विचारा.

आपल्या बाजूची बंधनं मात्र विसरू नका. सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला आपल्या खात्याची परवानगी लागते. नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराचं तंत्रज्ञान, अगदी ईमेलनं पाठवलेला तांत्रिक आराखडासुद्धा, स्कोमेट या आपल्या निर्यात-नियंत्रण यादीच्या कक्षेत येऊ शकतो. माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असतील तर आपल्या नैतिकता समितीच्या जोडीला त्यांच्याकडचीही मंजुरी लागते, आणि ती हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. परदेशी जहाज दुसऱ्या देशाच्या सागरी क्षेत्रात संशोधनाला येणार असेल, तर आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार किमान सहा महिने आधी माहिती द्यावी लागते. मान्सूनआधी मोजायचं असेल तर कागद दिवाळीच्या सुमारास निघायला हवेत.

विद्यार्थ्यांना न सांगणं

पैसा लष्करी खात्याचा आहे हे प्रकल्पात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगा. कुणाला तो नको असू शकतो आणि तो त्याचा हक्क आहे. आमच्याकडे एका मुलीनं दुसऱ्या वर्षी स्वतःच्या निबंधाच्या शेवटी आभाराची ओळ वाचली, तेव्हा तिला कळलं. तिनं काम सोडलं नाही, पण त्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभी होती आणि तिनं विचारलं, "मॅडम, हे मला आधी का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता रुजू होण्याच्या पत्रात निधी कुठून येतो ते दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं, आणि खाली विद्यार्थ्याची सही असते.