जवान फौजेत टिकेल का? व्यक्तिमत्त्व चाचणी लावताना या चुका टाळा

कोल्हापुरात मानसशास्त्र शिकणाऱ्यांना फौजी शोधायला लांब जावं लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत तर फौजी घराण्यांची रांगच आहे. म्हणूनच व्यक्तिमत्त्व चाचणीवरून जवान फौजेत टिकेल का, हा विषय प्रकल्पासाठी सोपा वाटतो. पण प्रश्नावली वाटण्याआधी आपण नेमका कशाचा अंदाज बांधतोय, ते ठरवा.

अमेरिकेत मुदत संपली की पुन्हा करार करायचा का, हे बऱ्याच अंशी सैनिक ठरवतो. अग्निवीराचं तसं नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी अर्ज तो करतो, पण निवड सैन्य करतं, तीही तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांची. 'राहिला' असा एकच रकाना केलात तर त्याची इच्छा आणि सैन्याची पसंती यांची खिचडी होते. अर्ज केला का आणि निवड झाली का, हे वेगवेगळं नोंदवा.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची चूक. 'आमचा अंदाज ७५ टक्के बरोबर आला' असं मुलं आनंदाने लिहितात. अरे, शंभरातले पंचाहत्तर जाणारच असतील, तर चाचणी न घेता 'सगळे जातील' म्हणणाराही तेवढाच बरोबर ठरतो! राहिलेल्या पंचविसांतले किती ओळखले, ते सांगा. चाचणीचा निकाल आणि टिकणं यांतला सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने बदलतात ते सांगणारा आकडा, ०.२ आला, तर कोण राहिला आणि कोण गेला या फरकातला फक्त ४ टक्के भाग (०.२ चा वर्ग) त्यातून उलगडतो. एवढ्या जोरावर कुणा पोराच्या नावापुढे 'टिकणार नाही' असं लिहू नका. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

सहसंबंध कमी आला म्हणून त्या स्वभावगुणाला महत्त्वच नाही, असंही समजू नका. धावणं, लेखी, मेडिकल यांतून गाळून आलेली मुलं आधीच बरीचशी एकसारखी असतात, आणि माणसांत फरकच कमी असला की सहसंबंधही कमी दिसतो.

साहेब खोलीत असताना 'मी शिस्तीत वागतो' याला नाही कोण म्हणेल? अमेरिकी लष्कराच्या टॅपास (TAPAS) या व्यक्तिमत्त्व चाचणीत म्हणूनच सारख्याच चांगल्या वाटणाऱ्या दोन विधानांतून एक निवडायला लावतात.

आणि चाचणी कधी घेतली, ती तारीख लिहा. भरतीच्या वेळचा उत्साह चौथ्या वर्षी तसाच असेल असं नाही. तोवर वडील अंथरुणाला खिळलेले असतात, ऊस बघायला घरी कुणी नसतं. असले प्रश्न व्यक्तिमत्त्व चाचणीत येत नाहीत. ते वेगळे विचारा, जवानाला एकट्याला गाठून.