प्राचीन ख्रिस्ती पत्रांतील प्रक्षेप आणि सांधे कसे ओळखावेत

पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रचारक पौलाची किंवा त्याच्या नंतरच्या ख्रिस्ती लेखकांची पत्रे मूळ प्रतीत उरलेली नाहीत. आपल्या हाती आहेत त्या नकलांच्या नकला. म्हणून संशय आला की आधी ठरवावे, मागाहून कोणी मजकूर घुसडला (प्रक्षेप) असे आपल्याला म्हणायचे आहे की दोन वेगळी पत्रे एकत्र जोडली गेली (जोडपत्र) असे; कारण दोहोंचे पुरावे सारखे नसतात.

प्रक्षेपाचा शोध हस्तलिखितांपासून सुरू करावा. योहानाच्या पहिल्या पत्रातील (५:७-८) पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तीन स्वर्गीय साक्षीदार जुन्या ग्रीक प्रतींत नाहीत, आणि ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसनेही ते १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत न घेता १५२२ मध्ये घेतले. तेथे वाद उरत नाही. मजकूर जागा बदलत असेल तर तोही खुणेचा समजावा: स्त्रियांनी सभेत गप्प राहावे ही वचने (पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, १४:३४-३५) काही प्रतींत ४० व्या वचनानंतर येतात, त्यामुळे ती मुळात समासातली टीप असावी असे अनेक अभ्यासक मानतात, मात्र ती सर्व ज्ञात प्रतींत कोठे ना कोठे आहेतच, हे विसरू नये.

जोडपत्राच्या बाबतीत हस्तलिखिते सहसा मदत करत नाहीत, कारण जोडणी झाली असेल तर ती नकला पसरण्याआधीची असते. तेथे संशयित भाग बाजूला काढून दोन्ही टोके जुळतात का, हे पाहावे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात ६:१४ ते ७:१ वगळले, तर ‘अंतःकरण विशाल करा’ या विनंतीला ‘आम्हांला जागा द्या’ ही विनंती थेट मिळते. शिवाय वगळलेल्या भागातले बलियाल हे सैतानाचे नाव नव्या करारात अन्यत्र येत नाही. त्याच पत्रात २:१३ ला आपला सहकारी तीत याच्या काळजीने मासेदोनियाला निघालेला पौल तेथे पोहोचल्याचे ७:५ मध्ये सांगतो; म्हणजे मधला भाग काढला तर टोके जुळतात. हा सांधा मोहक आहे, पण आधी ‘मी’ आणि नंतर ‘आम्ही’ असा बदल असल्याने तो निर्दोष नाही. अध्याय १० ते १३ मधील कठोर स्वरावरून ते वेगळे पत्र असावे असे जर्मन धर्मशास्त्रज्ञ झेम्लरने १७७६ मध्येच सुचवले. मला मात्र केवळ स्वरबदल अपुरा वाटतो, कारण सांगून लिहवून घेतलेल्या लांब पत्रात असे चढउतार येऊ शकतात.

परिस्थितीतील विसंगती अधिक वजनदार असते, फक्त ती मूळ भाषेत तपासावी. दुसऱ्या शतकातील बिशप पॉलिकार्पच्या फिलिप्पैकरांस पत्रात ९ व्या अध्यायात अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याला हौतात्म्य आलेले दिसते, तर १३ व्यात त्याच्याबद्दल आणि सोबत्यांबद्दल खात्रीची बातमी मागितली आहे, जणू तो अजून जिवंत आहे. यावरून अभ्यासक हॅरिसनने १९३६ मध्ये दोन पत्रांचे मत मांडले. परंतु १३ व्या अध्यायातील ‘जे त्याच्यासोबत आहेत’ हे वाक्य केवळ लॅटिन भाषांतरात टिकले आहे, आणि त्यातला ‘आहेत’ हा वर्तमानकाळ भाषांतरकाराचाही असू शकतो.