ऊसतोड सुरू झाली. गोठ्याची वरची फट आज बंद करा

कारखान्यांचे बॉयलर पेटलेत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड या पट्ट्यात आता रोज कुठला ना कुठला फड मोकळा होणार. त्या फडात वर्षभर मुक्काम ठोकलेला बिबट्या मग शेजारच्या उभ्या उसात, नाहीतर तुमच्या वस्तीमागच्या गिन्नी गवतात येऊन बसणार. म्हणून बाकीची कामं थोडी बाजूला ठेवा. बॅटरी घेऊन शेळ्यांच्या गोठ्यात जा आणि भिंत संपते तिथपासून पत्र्यापर्यंत किती जागा मोकळी आहे ते बघा. एक वीत जरी मोकळी असली तरी गोठा उघडाच धरा.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून या भागात नोकरी केली, तेव्हा बिबट्याने मारलेल्या शेळ्यांच्या पंचनाम्यांना वनखात्याच्या माणसांबरोबर पुष्कळदा उभा राहिलो. दार मोडून आत शिरलेला बिबट्या मला दोनदाच भेटला. बाकीचे वरून आलेले.

एक गोठा अजून डोळ्यांपुढे आहे. चार फुटांची वीट भिंत, आतून पांढरा चुना मारलेला, लोखंडी पाइपांवर नवा कोरा पत्रा. मध्ये अडीच फूट मोकळं. सकाळी गेलो तर नऊ शेळ्या आडव्या. खाल्लेली एकच, तीही मांडीकडून थोडी. आतल्या चुन्यावर चिखलाचे पंजे उमटले होते आणि वरच्या विटेच्या कडेला पिवळट केसांचा पुंजका अडकला होता. दाराला मोठं कुलूप होतं, जसंच्या तसं. आणि बाहेरच्या खांबावर, सूर्य कासराभर वर आला तरी, दुकानदाराने गळ्यात मारलेला सोलरचा लाल-निळा दिवा लुकलुकत होता. मालक मला म्हणाले, “साहेब, दिवा तर चालू आहे ना!”

बंद जागेत बिबट्या एक शेळी उचलून निघून जात नाही. शेळ्या सैरावैरा पळतात, भिंतीवर आदळतात, ओरडतात. समोर हालचाल होत राहते तोवर तो मारत राहतो. म्हणून फटीतून आत आलेला बिबट्या उघड्यावरच्या बिबट्यापेक्षा जास्त नुकसान करतो. अर्धवट बंद गोठा हा उघड्या गोठ्याहून वाईट, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता एक कबुली. ही फट आम्हीच ठेवायला लावली. हवा खेळती राहावी म्हणून साडेतीन-चार फूट भिंत बांधा आणि वर मोकळं सोडा, असं आम्ही गावोगाव सांगत फिरलो. सल्ला खोटा नव्हता. कोंदट गोठ्यात अमोनिया साठतो आणि करडं न्यूमोनियाने जातात. फक्त ‘वर जाळी मारा’ हे वाक्य सांगायचं राहून गेलं. चार फुटांची भिंत बिबट्याला पायरीसारखी आहे. उभ्याने आठ-दहा फूट उडी घेणारा प्राणी आहे तो.

जाळी कशी मारायची ते सांगतो. चेनलिंक किंवा वेल्डमेश, २ बाय २ इंच घर, १० गेज तार. यापेक्षा मोठं घर असेल तर पंजा आत जातो आणि भिंतीला टेकून बसलेल्या शेळीचा पाय बाहेर ओढला जातो. कोंबड्यांची षटकोनी जाळी, शेडनेट, तुराट्यांचे कूड, तट्ट्या यातलं काहीही बिबट्याला थोपवत नाही. जाळी बाइंडिंग तारेने बांधू नका. गावातल्या वेल्डरला बोलवा, वर पाइपाला आणि खाली भिंतीत ठोकलेल्या पट्टीला फूट-फूट अंतरावर टाके मारून घ्या.

हिशेब करा. २० बाय १० फुटांचा गोठा म्हणजे २०० चौरस फूट. एका मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट जागा धरली तर त्यात सोळा ते वीस शेळ्या बसतात. गोठ्याचा घेर ६० फूट, फट दोन फूट, म्हणजे जाळी लागली १२० चौरस फूट. वेल्डरची मजुरी धरूनही हा खर्च एका चांगल्या संगमनेरी शेळीच्या किमतीच्या आसपास येतो. गावातल्या भावाने तुम्हीच बेरीज करून बघा.

ताडपत्री किंवा पत्रा मारून फट कायमची बंद करू नका. हिवाळ्यात करडांना थंडी लागते म्हणून लोक चारी बाजूंनी ताडपत्री ओढतात, आणि महिनाभरात खोकणारी करडं घेऊन दवाखान्यात येतात. जाळी पक्की असू द्या. गोणपाटाचा पडदा वाऱ्याच्या बाजूला, तोही रात्रीपुरता.

‘वरची फट’ म्हणजे छप्परही त्यात आलं. पाचटाचं किंवा गवताचं छप्पर असेल तर खालून जाळी हवीच, कारण बिबट्या ते उसकटून आत उतरतो. पत्रा दगड ठेवून दाबला असेल तर दगड काढा आणि जे-हुक मारा. मुक्त संचार गोठा केलाय, पाच फुटी जाळीचं कुंपण आहे, वर आभाळ आहे, अशा मंडळींनी रात्री शेळ्या कुंपणात ठेवूच नयेत. कोंबडून का होईना, छपराखाली घ्या.

दाराबद्दल थोडक्यात. दार जमिनीपासून पत्र्यापर्यंत पूर्ण असावं. ते बाहेर उघडणारं हवं, म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी चौकटीवरच दाबलं जातं. सुतळीचा फास ही कडी नव्हे.

दुकानांत सध्या काय काय खपवलं जातंय ते पाहिलं. लुकलुकणारे दिवे, वाघाच्या डरकाळीचा भोंगा, वासाने बिबट्या पळवणारं म्हणे कसलंसं द्रावण. दिवा आणि भोंगा चार-आठ दिवस काम करतात, हे मी नाकारत नाही. मग बिबट्याला त्यांची सवय होते. रोज रात्री ट्रॅक्टर, मोटार आणि लग्नाचे डीजे ऐकत उसात झोपणाऱ्या जनावराला तुमचा भोंगा किती दिवस नवा वाटणार? घ्यायचाच असेल तर जाळी बसवल्यावर उरलेल्या पैशातून घ्या. द्रावणावर मात्र एक रुपया घालू नका. कुंपणाच्या तारेत बॅटरीवर हलका झटका सोडणाऱ्या झटका मशीनचं वेगळं आहे. चांगलं मशीन, चार्ज बॅटरी आणि तारेखालचं गवत साफ, एवढं सांभाळलं तर ते शेताला उपयोगी. पण गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, आणि ते कधी टेकलं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. मेन लाइनचा करंट तारेत सोडणाऱ्यांना काय सांगायचं! त्याने पहिल्यांदा माणूस मरतो, बहुतेक वेळा घरचाच.

परवा एका तरुणाने मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. तिकडचा रँचवाला रात्री बंदुकीला उष्णता टिपणारी दुर्बीण लावून कोयोट मारतो. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या मधला प्राणी, वासरं-कोकरं नेणारा. “आप्पा, आपल्याला का नाही असं करता येत?” आपल्याकडे बिबट्या आणि लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर किमान पंचवीस हजार दंड, हे एक. दुसरं म्हणजे, तिकडेही शंभर वर्षांहून जास्त काळ गोळ्या, सापळे आणि विष वापरूनही कोयोट कमी झाला नाही. उलट पश्चिमेकडून निघून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. एक मारला की त्याची जागा दुसरा घेतो. आपला अनुभवही असाच आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले, आणि त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नोंदवून ठेवलंय. पिंजरा लावा अशी मागणी जरूर करा, माणसावर हल्ला झाला असेल तर केलीच पाहिजे. पण पिंजरा लागला म्हणून गोठ्याची फट मिटत नाही.

फासे, गावठी बॉम्ब, मेलेल्या शेळीत विष यांच्या वाटेला जाऊ नका. विषाने आधी आपली कुत्री मरतात. कुत्र्यांचं म्हणाल तर अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचाच निघाला. म्हणून मेलेली कोंबडी, करडू किंवा व्यायल्यावर पडलेली शेळीची वार ओढ्यात किंवा बांधावर टाकू नका. त्या वासावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, चुना टाका आणि पुरा. सध्या शेळ्या विण्याचे दिवस आहेत, तेव्हा हे रोजचंच काम समजा.

माझ्या दोन अडाण्या खुणा आहेत, कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. रात्रभर भुंकणारी कुत्री एकाएकी गप्प होऊन खाटेखाली शिरली तर बिबट्या जवळ आहे असं समजावं. आणि बिनमोसमी ढग येऊन भुरभुर पाऊस लागलेल्या रात्री हल्ले जास्त होतात, असं मला वाटत आलंय. पावसाच्या आवाजात त्याची चाहूल लागत नसावी. पटलं तर घ्या.

तोडणी करताना फड एका बाजूने तोडत न्या, चारी बाजूंनी घेरू नका. जनावराला निघायला वाट राहिली पाहिजे. बछडे दिसले तर तोडणी थांबवा, हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. वनखात्याला कळवा, ते त्याच जागी टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. बछडे पळवलेल्या मादीच्या शेजारी तुम्हाला उरलेला ऊस तोडायचाय, एवढं ध्यानात ठेवा. मुकादमाला बजावून सांगा की तोडणी टोळीची लेकरं फडाच्या कडेला झोळीत किंवा उघड्यावर ठेवायची नाहीत. रात्रीची वीज आली म्हणून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाल तर दोघांनी जा, मोबाइलवर गाणी लावा आणि अंधारात खाली वाकून बसू नका. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो.

धनगर बांधवांसाठी दोन शब्द. दिवाळीनंतर वाडे (मेंढरांसह फिरते तळ) खाली उतरलेत, रानोमाळ मेंढरं बसलीत. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती खुंटांवर ताणलेली जाळी, लांडग्याला बऱ्यापैकी अडवते, पण ती एका जागी जरी ढिली असली तरी मेंढरं बुजतात आणि तीच बाजू पाडून बाहेर पडतात. मग लांडग्याला आत यायची गरजच उरत नाही. खुंट रोज नव्याने ठोका. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घाला. वाघरीलाही वर काही नाही हे विसरू नका, म्हणून उसाच्या कडेला वाडा लावू नका, मोकळ्या रानात मध्यभागी लावा. आणि लहान लेकरं मेंढरांच्या कडेला भुईवर झोपवू नका. तंबूत, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये घ्या. शेळी गेली तर पुन्हा घेता येते.

या पंधरवड्यातली इतर कामे:
– जन्मल्यावर तासाभरात करडाला चीक. दिवसभरात वजनाच्या १० टक्के
– नाळ दोन बोटं ठेवून कापणे, टिंक्चर आयोडीन
– पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथरोग) लस राहिली असेल तर १ मि.ली. कातडीखाली (तीन महिन्यांवरील करडे)
– लेंडी तपासून मगच जंतनाशक. गाभणीच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको
– कानातले बिल्ले
– गोठ्यात आठवड्याला चुना

बिल्ले विसरू नका. भरपाईच्या वेळी शेळी कुणाची, किती होत्या, यावर वाद होतो तेव्हा तेच उपयोगी पडतात.

हल्ला झालाच तर जखमी शेळीची जखम साबण-पाण्याने भरपूर धुवा. मग १ लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट या द्रावणाने, आणि वर पोव्हिडोन आयोडीन. हळद-शेण भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. रेबीजची लस पशुवैद्यकाकडून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. गळ्यावर दात लागले असतील तर बाहेरून दोन भोकं दिसतात आणि आतून सगळं फाटलेलं असतं, तेव्हा ‘उभी आहे, चरतेय’ म्हणून घरी ठेवू नका. माणसाला ओरखडा जरी आला तरी पंधरा मिनिटं साबणाने धुऊन थेट दवाखान्यात.

मेलेली शेळी जागची हलवू नका. फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा १९२६ या क्रमांकावर कळवा. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यातली कमी रक्कम मिळते, गाय-म्हैस-बैलाला ७५ टक्के किंवा ७०,००० यातली कमी. म्हणजे बारा हजारांच्या शेळीचे नऊ हजार. माशा बसतात, वास येतो, म्हणून पंचनाम्याआधी शेळी ओढ्यात टाकून आलेले आणि मग रिकाम्या हाताने परत गेलेले शेतकरी मी पाहिलेत.

पंचनामा आटोपला की त्याच दिवशी वेल्डरला फोन लावा. एकदा सापडलेल्या जागी बिबट्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री परत येतो आणि त्याच फटीने येतो. वेल्डर परवा येतो म्हणाला तर उरलेल्या शेळ्या घरात घ्या. ओसरी नव्हे, आतली खोली. लेंड्या सकाळी झाडता येतात.