विजेची गाडी घेण्याआधी मी काय तपासते

शोरूममध्ये गेल्यावर रंग नंतर, आधी मी बॅटरीच्या वॉरंटीचा कागद मागते. त्यावर बोट ठेवून दोन आकडे शोधायचे: वर्षं आणि तोवर मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरेल याची हमी. बऱ्याच कंपन्या 8 वर्षं आणि 70 टक्के लिहून देतात. तोंडी आश्वासन अजिबात धरू नका.

मग बॅटरीतल्या सेलचा प्रकार विचारा. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) जड असते, थंडीत हळू चार्ज होते, पण स्वस्त आणि टिकाऊ. रोजच्या धावपळीला मी तीच घेईन. एनएमसीत (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) त्याच वजनात पल्ला जास्त, मात्र तिचं रोजचं चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवलेलं बरं. सॉलिड-स्टेटची (द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट असलेल्या नव्या बॅटरीची) वाट बघत बसू नका; नवं तंत्र जाहीर झालं तरी हातात यायला वेळ लागतो. टेस्लाने 4680 हा आपला नवा, मोठा सेल सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर केला, पण उत्पादन वाढवताना कंपनीची वर्षानुवर्षं दमछाक झाली.

जानेवारी 2023 मध्ये टेस्लाने अमेरिकेत दर उतरवले, काही मॉडेलचे तर जवळपास 20 टक्के. आदल्या महिन्यात घेणारे हळहळले, ते साहजिकच होतं. नव्या गाडीचे दर असे उतरले की जुनीची किंमतही पडते, म्हणून दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर वापरलेली गाडीच बघा.

कंपनी स्थिर आहे का, तिचे प्रमुख सारखे बदलतायत का, तेही बघा. विजेच्या गाड्या बनवणारी अमेरिकी कंपनी फिस्कर जून 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा मालकांपुढे सुट्या भागांचा आणि सॉफ्टवेअर अपडेटचा प्रश्न उभा राहिला. हे दोन्ही कोण देणार, सही करण्याआधी लेखी घ्या.