मनोरुग्णालयातील रुग्णांच्या शारीरिक प्रकृतीची शुश्रूषा: कोकणातील परिचारिकांसाठी मार्गदर्शन

मनोरुग्णालयाच्या वॉर्डात एखादा रुग्ण ‘पोटात दुखतं’ म्हणाला, तर ती तक्रार त्याच्या मानसिक आजारातलीच असणार असे गृहीत धरून केस पेपरवर नुसते ‘अस्वस्थ’ लिहिले जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून पहिला नियम असा ठेवावा, की तक्रार नवीन असो वा वागण्यातला बदल अचानक झालेला असो, आधी ताप, नाडी, श्वसन, रक्तदाब आणि ग्लुकोमीटरवरची साखर पाहावी आणि मगच मानसिक कारणाचा विचार करावा. वयस्कर रुग्ण रात्रीतून बरळू लागला, तर त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा रक्तातील सोडियमची घट असू शकते. रुग्णाची बोलीही कानाला सरावलेली हवी. ‘माका घेरी येता’ असे सांगणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब झोपवून आणि नंतर उभे करून, असा दोनदा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर डॉक्टरांना कळवावे आणि रात्री शौचालयाकडे जाताना त्याच्यासोबत कोणीतरी राहील याची व्यवस्था करावी.

दाखल होताना होणारी तपासणी पुढच्या सर्व नोंदींचा आधार असते. अनेक रुग्ण दिवसेंदिवस अनवाणी भटकून आलेले असतात, त्यामुळे पहिल्या अंघोळीच्या वेळी, आडोसा आणि रुग्णाची लाज सांभाळून, पायांच्या जखमा, खरूज, उवा, मारहाणीच्या खुणा आणि त्वचेच्या घड्यांमधला नायटा पाहून घ्यावा. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर थुंकीची तपासणी ताबडतोब मागावी, कारण दाटीच्या वॉर्डात क्षयरोग पसरण्यास वेळ लागत नाही. प्रजननक्षम वयातील स्त्रीला औषध सुरू होण्यापूर्वी तिची गर्भचाचणी झाली आहे ना, हे विचारावे. वजनाबरोबर कंबरेचा घेरही लिहावा. पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मनोविकारावरील औषधांनी वजन झपाट्याने वाढू शकते, म्हणून पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन करावे. मोजपट्टी ही वॉर्डातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत हमखास हरवलेली वस्तू असते; ती औषधांच्या ट्रॉलीलाच बांधून ठेवावी.

कोकणात खरी कसोटी लागते ती पावसाळ्यातील तापाच्या वेळी. जून ते ऑक्टोबरमध्ये ताप आला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस आठवतात, आणि ते योग्यच आहे. लावणीच्या चिखलातून किंवा साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या रुग्णाचे डोळे लाल असतील, पोटऱ्या दाबल्यावर दुखत असतील किंवा लघवी कमी होत असेल, तर लेप्टोची शंका लगेच सांगावी. परंतु मनोविकारावरील औषधे घेणाऱ्याच्या तापाला आणखी दोन कारणे असू शकतात आणि ती दोन्ही जिवावर बेतणारी आहेत. पहिले म्हणजे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम: अंग लाकडासारखे ताठ होते, घाम सुटतो, रक्तदाब वरखाली होतो आणि भान हरपू लागते. अशा वेळी मनोविकाराच्या औषधाचा पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. दुसरे कारण क्लोझापिन घेणाऱ्यांमधील पांढऱ्या पेशींची घट. घसा दुखणे आणि तोंड येणे ही तिची चाहूल असते, आणि त्याच दिवशी रक्त तपासावे लागते. स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके ही रक्तचाचणी न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमप्रमाणेच लेप्टोमध्येही वाढलेली येऊ शकते, म्हणून हात कोपरात वाकवून पाहिल्यावर जाणवलेला ताठपणा शब्दांत लिहून ठेवणे अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे.

उन्हाळ्यात लक्ष लिथियम या मनोविकारावरील औषधाकडे हवे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामावाटे पाणी आणि मीठ जाते, मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि नेहमीच्याच डोसात विषबाधा होते. हातांचा कंप ठसठशीत होणे, जुलाब, उलटी, बोबडे बोलणे आणि झोकांड्या जाणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना बोलवावे. रक्तातील पातळीसाठी नमुना शेवटच्या डोसानंतर १२ तासांनी घ्यावा. सकाळची गोळी देऊन मग रक्त काढले, तर अहवाल निरुपयोगी ठरतो. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन लिहिले असल्यास रुग्ण लिथियमवर आहे याची आठवण करून द्यावी. मिठाची पेज आणि पाणी ठरावीक वेळी हातात द्यावे, मागण्याची वाट पाहू नये. श्रावणातले उपासही अशा रुग्णाला समजावून टाळायला लावावेत. याउलट, नळाशी सतत पाणी पिताना दिसणाऱ्या रुग्णाचे सकाळी आणि दुपारी वजन करावे, कारण अति पाण्याने सोडियम उतरून झटके येतात.

शौचाची नोंद बहुतेक वॉर्डांत कंटाळवाणी मानली जाते, पण क्लोझापिनवरील रुग्णाच्या बाबतीत ती टाळणे परवडणारे नाही. आतडी मंदावून बंद पडल्याने असे रुग्ण दगावतात, आणि ते स्वतः क्वचितच काही सांगतात. म्हणून रोज विचारावे, दोन दिवस शौच न झाल्यास डॉक्टरांना कळवावे, आणि पोट फुगून उलट्या होत असतील तर त्याच तासाला कळवावे. बिडी ओढणाऱ्याची बिडी वॉर्डात आल्यावर सुटते आणि क्लोझापिनची रक्तातील पातळी चढते. अचानक वाढलेली गुंगी किंवा लाळ यांचे कारण इथे शोधावे.

जेवताना ठसका लागून गुदमरणे ही मनोरुग्णालयातील जुनीच आपत्ती आहे. औषधांनी गिळण्याची क्रिया मंदावलेल्या किंवा बकाबका खाणाऱ्या रुग्णाला मासळी काटे काढूनच वाढावी, भात आमटीत मऊ कालवावा, त्याला ताठ बसवावे आणि शेजारी कोणीतरी थांबावे. अर्धवट गुंगीत असताना भरवू नये.

शांत करण्याचे इंजेक्शन दिल्यावर रुग्ण झोपला म्हणजे काम संपले असे होत नाही. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी श्वसन, नाडी आणि शुद्ध पाहावी. बांधून ठेवण्याचा निर्णय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार केवळ तातडीची इजा टाळण्यासाठी, दुसरा मार्ग नसताना आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनेच घेता येतो; अशा वेळी हातापायांचा रक्तपुरवठा, पाणी आणि लघवी यांकडे परिचारिकेने स्वतः पाहावे.

घरी सोडताना कार्डावर औषधांबरोबर शेवटचे वजन, रक्तदाब, साखर आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख मराठीत लिहावी, आणि ती तपासणी गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात होते की जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागेल, हे आधी विचारून घ्यावे. आईला किंवा भावाला धोक्याची लक्षणे नुसती सांगू नयेत, तर त्यांच्याकडून एकदा वदवून घ्यावीत.